साध्या मोटारीस टर्बो बसवावा काय ?

वरच्या वर्गांतील आमचे कांहीं विद्यार्थी व नुकतेच कॉलेजांत गेलेले त्यांचे वडील बंधु यांच्या बोलण्यांत अलीकडे एक विषय वारंवार येतो. घरीं जुनी मारुति ८०० अथवा तिच्यासारखी लहान गाडी आहे. तिला टर्बोचार्जर बसवून तिची शक्ति वाढवावी काय? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्यांत यंत्रशास्त्र आहे, घरचा पैसा आहे, आणि त्या गाडींत बसणारीं आईबाप व भावंडेंहि आहेत. आमचें मत प्रतिकूल आहे. तें कां, हें सांगतों.

ही युक्ति मोठी सुंदर आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरवीं फुकट जातो. त्याच्या वाटेंत एक लहानसें चक्र ठेवलें म्हणजे तें मिनिटास लाखावर फेरे घेऊं लागतें, व त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. हवा अधिक, म्हणून पेट्रोलहि अधिक जाळतां येतें, आणि तेवढ्याच इंजिनांतून अधिक जोर निघतो. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें एक इंजिन पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या पर्वतावर नेलें, आणि तेथील विरळ हवेंतहि टर्बोच्या साह्यानें त्याची शक्ति टिकते, हें दाखवून दिलें.

मग आमची गाडी घाट चढतांना कण्हते, तिलाहि हाच उपाय कां नको, असें तरुण विचारतात. येथें थोडी गल्लत होते. महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट उंच; तेथें हवा समुद्रकांठच्या मानानें फार तर आठव्या हिश्श्यानें विरळ. पसरणीच्या घाटांत गाडी दमते ती पांच माणसें व त्यांचीं गांठोडीं ओढावीं लागतात म्हणून. आणि पुष्कळदां घसरणारा क्लच, धुळीनें कोंदलेला हवेचा फिल्टर, किंवा वेळेवर खालचा गिअर न टाकणारा चालक यांमुळें. या शेवटच्या दोषावर टर्बो काय करणार ?

दुसरें प्रमाण पुढें येतें तें जपानचें. मारुतीच्याच घराण्यांतील 'आल्टो वर्क्स' ही गाडी सुझुकीनें १९८७ सालीं काढली. तिचें इंजिन अवघें ५४३ सी. सी., तरी शक्ति ६४ अश्वशक्ति. आणि आमच्या ७९६ सी. सी. च्या कारब्युरेटरवाल्या मारुतीची चाळिसाच्याहि आंत ! आंकडे खरे आहेत. परंतु तेथें जुन्या इंजिनावर केवळ टर्बो लादला नव्हता. सिलिंडरास चार चार झडपा, वर दोन कॅमशाफ्ट, दाबल्यामुळें तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, आणि पेट्रोल मोजून देणारी विजेची योजना, असा सगळा संसार नव्यानें मांडला होता. जुन्या गाडीवर तोच भार टाकला, तर दाबलेली तप्त हवा वेळेआधींच पेट घेते, इंजिन आंतून ठोके देऊं लागतें, आणि पिस्टन वितळतो अथवा गॅस्केट उडतें. तें निभावलें, तरी क्लच व गिअर आहेतच; आणि ब्रेक तर जुन्या वेगाच्याच हिशेबाचे.

मोठ्या कंपन्यांनाहि हें सहज साधलें नाहीं. अमेरिकेंत १९६२ सालीं ओल्ड्समोबिलनें 'जेटफायर' गाडीला टर्बो दिला. ठोके बसूं नयेत म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण इंजिनांत सोडण्याची व्यवस्था केली. मालक तें मिश्रण भरावयास विसरत, गाडीचा जोर मग आपोआप रोखला जाई, आणि १९६३ नंतर ती गाडी निघाली नाहीं. कारखान्याची ही गत, तर गल्लींतील गॅरेजनें बसविलेल्या यंत्राची हमी कोणीं द्यावी ?

टर्बोनें पेट्रोल वांचतें, हा समज अर्धाच खरा. मोठ्या इंजिनाच्या जागीं लहान इंजिन व टर्बो घातला, तर बचत होते. आहे त्याच इंजिनाला टर्बो लावून त्याचा जोर वापरला, तर तेल अधिकच जळतें. शिवाय कायदा आहे. गाडीचें नोंदणीपुस्तकांतील वर्णन बदलेल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें. आणि अशा बेकायदा फेरफाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनें मालकास प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघातानंतर विमा कंपनीच्या दारांत उभें राहण्याची पाळी आली, म्हणजे हें कलम विशेष आठवतें.

ज्यांस अधिक जोराची खरोखरच गरज आहे, त्यांनीं जुनी गाडी विकून, कारखान्यांतच टर्बो बसविलेली एखादी लहान गाडी घ्यावी. अशा गाड्या आतां आपल्याकडेहि पुष्कळ मिळतात. आणि ज्यांस टर्बोची विद्याच हवी आहे, त्यांचें आम्हांस कौतुकच वाटतें. त्यांनीं भंगारबाजारांतून मारुतीचें एक जुनें इंजिन आणावें, लोखंडी चौकटीवर तें पक्कें आवळावें, जाणत्या मेकॅनिकास जवळ बसवून मोकळ्या जागेंत त्यावर टर्बो चढवावा, आणि तेलाचा दाब, धुराची उष्णता व हवेचा दाब वहींत टिपून ठेवावा. इंजिन फुटलें, तर तेंहि टिपावें. घरची गाडी मात्र तोंवर बापाला कामावर घेऊन जात राहील.