उन्हातली शर्यत आणि आपले शिवार



मागच्या वेळी आंबिया बहाराच्या फळगळीवर लिहिण्याचे कबूल केले होते. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. नवतपा तोंडावर आला आहे, उन्हाळवाही आणि खड्डे खोदण्याचे दिवस चालू आहेत. तेव्हा आज झाडाऐवजी माणसाविषयी बोलतो. सुरुवात मात्र एका शर्यतीने करतो.

काटोल तालुक्यात माझे थोरले बंधू शेती करतात. त्यांचा मुलगा नागपुरात बँकेत नोकरीला आहे. 2019 साली त्याने घरी सांगितले, की मी गोव्याच्या एका शर्यतीत उतरणार आहे. शर्यत अशी, की आधी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन ओल्या अंगानेच 90 किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवून लगेच 21.1 किलोमीटर धावायचे. सगळे साडेआठ तासांच्या आत. वर प्रवेश फीसुद्धा आपणच भरायची!

वहिनींनी भाकर थापता थापता मान वर केली.

“भाऊजी, तुमीच सांगा ह्याले. आमचा जनम उनात गेला, आन् हा पोट्टा पैसे भरून उनात मराले जाते!”

मी हसलो खरा, पण उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात, म्हणजे तीन खेळ मिळून एक. त्याचा लांब पल्ल्याचा प्रकार हवाई बेटांवर सुरू झाला, 18 फेब्रुवारी 1978 रोजी. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण, असा वाद तिथे चालला होता. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याची पत्नी ज्युडी हिने ठरवले, की तिन्ही कामे एकाच दिवशी लावून पाहू. पोहणे 3.8 किलोमीटर, सायकल 180 आणि धावणे 42.2. पंधरा जण उतरले, बारा जण शेवटापर्यंत पोचले. गॉर्डन हॉलर पहिला आला, त्याला सुमारे पावणेबारा तास लागले. जॉन डनबार दुसरा आला. खरे तर धावणे सुरू झाले तेव्हा तो पुढे होता, पण त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली! मग व्हायचे तेच झाले. पाण्याची सोय चुकली की ताकद कामाला येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

गोव्याची शर्यत या पल्ल्याच्या निम्मी. 20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती पहिल्यांदा झाली. मणिपूरचा बिश्वरजित सैखोम पावणेपाच तासांच्या आत सारे आटोपून पहिला आला. आमच्या चिरंजिवांना सात तासांच्या वर लागले. पण मुदतीत पोचला आणि धडधाकट परत आला. कसा, ते महत्त्वाचे.

ट्रॅक्टर चालतो तेव्हा डिझेलची सगळी शक्ती चाकाला मिळत नाही. मोठा भाग उष्णता होऊन जातो, म्हणून रेडिएटर लागतो. माणसाचेही तसेच. आपण जी शक्ती खर्चतो तिच्यातली जेमतेम पाव कामात उतरते, बाकीची अंगात उष्णता होते. घाम हा आपला रेडिएटर. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जमिनीवर टपकलेला घाम फुकट गेला समजा.

नागपुरात मे महिन्यात घरोघरी कूलर लागतो आणि झकास चालतो, कारण हवा कोरडी. तोच कूलर गोव्याला नेऊन लावा, नुसता दमटपणा वाढेल. घामाचेही असेच आहे. गोव्यात पारा बत्तीसवर असला तरी अंगावरचा घाम हटत नाही आणि ताप आत कोंडतो. आपल्याकडे उलटे. पारा 45 च्या वर, पण घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो. माणसाला वाटते, आपल्याला घामच आला नाही. तोवर अंगातले दोन लिटर पाणी गेलेले असते. गोव्याचे ऊन माणसाला सांगून मारते, आपले न सांगता.

पुतण्याने याचे साधे माप ठेवले होते. सरावाआधी वजन करायचे आणि नंतर पुन्हा करायचे. एक किलो घटले, तर एक लिटर पाणी कमी पडले. साठ किलोच्या माणसाचे सव्वा किलो वजन असे गेले, की त्याचे काम मंदावते. आपल्या घरी कापूस तोलायचा काटा असतोच. एक दिवस त्यावर स्वतःला तोलून पाहा.

दुसरी गोष्ट सवयीची. रोपवाटिकेतले रोप आपण एकदम उन्हात लावत नाही. आधी सावली कमी करतो, पाणी तोडतो, रोप कणखर करतो, मग शेतात नेतो. माणसाच्या शरीरालाही उन्हाची अशी सवय लावावी लागते. त्याला दहा ते चौदा दिवस पुरतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि छातीची धडधड कमी होते. पण दोन-तीन आठवडे उन्हात गेले नाही, की ही कमाई गेली! म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. तिची सुरुवातच कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातून होते. विदर्भाचा माणूस उन्हाला भीत नाही, हे खरेच. पण त्यांच्यामागून पाणी, खाणे आणि देखरेख करणारी माणसे गाडीत होती, हेही तितकेच खरे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी एवढी प्रस्तावना केली, ती सांगतो. आजवर ती मी कधी लिहिली नव्हती.

माझी नोकरी नवी होती. संत्र्याच्या नव्या बागेसाठी खड्डे घ्यायचे होते, पाऊण मीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच खोल. मे महिना. चारच्या बसने मला परतायचे होते, म्हणून दुपारीच आखणी करून खड्डे पाहून जाऊ, असे मी म्हटले. मी निंबाखाली उभा राहून मापे सांगत होतो. शेतात सालदार सब्बल मारत होता. पन्नाशीचा माणूस, पंधरा दिवस तापाने पडून त्याच दिवशी कामावर आलेला. दोनच्या सुमारास तो भलतेच बोलू लागला. धुऱ्याकडे पाहून बैलांना हाका मारू लागला. बैल तर गोठ्यात होते. मग खाली बसला आणि कलंडला. अंगाला हात लावला तर तव्यासारखे.

विहीर चाळीस पावलांवर होती. पण कोणी म्हणाले, तापल्या अंगावर गार पाणी टाकू नका, लकवा मारेल. मी बी.एस्सी. झालेला माणूस, पण मीही गप्प बसलो. कांदा हुंगवला, बंडी जुंपली, आठ किलोमीटरवरचा दवाखाना गाठायला निघालो. डोक्यावर ऊन तसेच होते. तो वाटेतच गेला.

पुतण्याच्या शर्यतीच्या निमित्ताने वाचू लागलो, तेव्हा एक हकीकत सापडली. अमेरिकेत फॉल्मथ या गावी दर ऑगस्टात सुमारे 11 किलोमीटरची शर्यत होते. तिथल्या अठरा वर्षांच्या नोंदी 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्या. उष्माघात झालेले 274 धावपटू त्यांत होते. त्या सर्वांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवले, आणि 274 च्या 274 वाचले. तिथले सूत्र असे, की आधी गार करा, मग हलवा. आम्ही नेमके उलटे केले होते. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मंडळी, पुढचे एवढे कापून गोठ्यात लावून ठेवा.

उन्हात काम करणारा माणूस भलतेच बोलू लागला, अडखळला, चिडचिड करू लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. पहिल्या मिनिटाला सावलीत घ्या. कपडे सैल करा, काढा. मोटर सुरू करून विहिरीचे गार पाणी सर्वांगावर सोडा आणि दुपट्ट्याने जोरजोराने वारा घाला. टाके असेल तर डोके वर धरून त्यात बसवा, पण सोडून जाऊ नका. बर्फ मिळाला तर मान, काख आणि जांघेत ठेवा. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा. गाडी येईपर्यंत, आणि गाडीतही, पाणी टाकणे चालू ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

आणि हे होऊच नये म्हणून काम पहाटे धरावे, अकराच्या आत सोडावे. उरलेले चारनंतर. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. मात्र तासन् तास नुसते पाणीच पोटात ओतणेही बरे नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे 13 टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्यांतल्या पुष्कळांनी पाणी अति प्यायलेले होते. पाण्याबरोबर मीठ-भाकर पोटात हवी. मीठ घातलेले ताक, आंबील, कैरीचे पन्हे ही आपली जुनी पेये उत्तम. नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा साखरेचा आजार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारावे. तापातून उठलेल्याला आणि रात्री दारू घेतलेल्याला नवतप्यात कामावर घेऊच नये.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न. गोव्याहून पुतण्या परत आला. गळ्यातले पदक त्याने आईच्या हातात दिले आणि सांगू लागला, की थोड्या थोड्या अंतरावर पाणी होते, मीठ-साखरेचे पेय होते, बर्फाचे तुकडे होते, डॉक्टर उभे होते, आणि नाही जमले तर थांबायची मुभा होती.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे पैसे उनाचे नाई भरले बाप्पा. सावलीचे भरले.”

मला यापेक्षा चांगले उत्तर सापडलेले नाही. हौसेने उन्हात जाणाऱ्याला इतके मिळते. पोटासाठी उन्हात जाणाऱ्याला निदान एक मडके गार पाणी, निंबाची सावली आणि “बस कर, उद्या करू” एवढे म्हणणारा मालक मिळाला पाहिजे. बंधूंच्या शेतात आता मजुरांच्या जागेजवळ दोन मडकी आणि मिठाची डबी असते. ती वहिनींनी ठेवली आहे.

यंदा खड्डे घेताना आपल्या विहिरीपासून कामाची जागा किती पावलांवर आहे, ते एकदा मोजून ठेवा.

पुढच्या अंकात फळगळ. रामराम.