गच्चीवर सोलर बसतंय, पण गल्लीतली डीपी तयार आहे का?

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि वीजबिलही चढतं. त्यामुळे गच्चीवर सोलर बसवण्याकडे ओढा असणं साहजिक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटसाठी 78 हजार रुपये अनुदान मिळतं. चांगल्या उन्हात त्यातून दिवसाला साधारण 12 युनिट वीज तयार होते. पण ही वीज जाते कुठे?

दुपारी काय होतं?

साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या 125 मेगावॅट सौर प्रकल्पाची वीज उच्चदाब वाहिनीवर जाते. तुमच्या गच्चीवरची जादा वीज मात्र गल्लीतल्या लघुदाब तारांवर येते आणि आधी शेजाऱ्यांकडे वापरली जाते. सगळ्याच गच्च्यांवर सोलर असेल आणि दुपारी वापर कमी असेल, तर वीज डीपीकडे उलटी वाहते. व्होल्टेज वाढतं, इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतात. ऊन असूनही तुमचे युनिट बुडतात.

म्हणूनच राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांत डीपीच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपर्यंतच सोलर जोडण्याची मर्यादा आहे. 100 केव्हीएच्या डीपीवर 3 किलोवॅटची साधारण 23 घरं झाली की ती गाठली जाते. दुसरीकडे, केंद्राच्या 2024 च्या नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळते. अर्ज झटपट मंजूर होतात, पण डीपी आणि तारा बदलायला वेळ आणि पैसा लागतो. खरी ओढाताण इथे आहे.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त?

पॅनलला प्रकाश हवा, उष्णता नको. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटतं. मे महिन्यात पॅनल 65 अंशांवर तापलं, तर 12 ते 16 टक्के वीज कमी मिळते.

रात्रीचं काय?

कूलर-एसी रात्रीही चालतात, तेव्हा सोलर शून्य असतं. ती गरज दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांना भागवावी लागते. नेट मीटरिंगमुळे तुमचं बिल शून्यावर आलं, तरी रात्रीची वीज कुणालातरी तयार करावीच लागते.

आणि लाइट गेली तर? बॅटरी नसलेलं सोलरही बंद होतं. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून तशी व्यवस्था असते.

मग करायचं काय?

मोटार, वॉशिंग मशीन, गिझर दुपारी चालवा. सोलर नसलेल्या शेजाऱ्यांनीही तेच केलं, तर डीपीवरचा ताण हलका होतो. लाइट वारंवार जात असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरचा खर्च आधीच विचारा. आणि अर्ज करताना महावितरणच्या कार्यालयात एक प्रश्न नक्की विचारा: आमच्या डीपीची क्षमता किती आणि तिच्यावर आधीच किती सोलर जोडलंय?