एका दिवसाला एकच ठिकाण

सुट्टी लागली की गावाकडची कुटुंबं मुंबईला येतात आणि दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन गेटवे, म्युझियम, सिद्धिविनायक, चौपाटी असं सगळं एका दिवसात उरकू पाहतात. दुपारपर्यंत ते लेकरू रडून रडून मलूल होतं. लहान मुलांना एका दिवसाला एकच ठिकाण पुरतं, आणि माझ्या मते पहिला मान भायखळ्याच्या राणीच्या बागेचा. १५० वर्षांहून जुनी ही बाग म्हणजे नुसते प्राणी नव्हेत. तिथली थोराड झाडं, सावली आणि मोकळं धावायला मिळणाऱ्या वाटा या शहरात दुर्मीळ आहेत. २०१७ पासून काचेपलीकडे पोहणारे पेंग्विन पाहताना मुलं जागची हलत नाहीत, त्यांना ओढून नेऊ नका. (बुधवारी बाग बंद असते.) लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण सकाळी दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी गर्दी त्यांच्यासाठी धोक्याची, अकरानंतर निघावं, चारच्या आत परतावं. बाबागाडी घरीच ठेवा, स्टेशनांचे जिने तिला चालू देत नाहीत. या शहराचा मला खरा राग येतो तो इथे: बाळाचं लंगोट बदलायला, आईला निवांत पाजायला स्वच्छ कोपरा शोधावा लागतो. प्रत्येक मोठ्या स्टेशनात, प्रत्येक बागेत तो असलाच पाहिजे, आणि त्याची पाटी लांबून दिसली पाहिजे.