साभार परत

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की संपादकाच्या टेबलावर हस्तलिखितांचा ढीग साचू लागतो. हल्ली बरेचसे साहित्य संगणकावरून येते, पण ढीग तो ढीगच. त्यातील थोडे छापले जाते. उरलेले 'साभार परत' या दोन शब्दांनिशी माघारी जाते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका शिक्षकांची कथा आम्ही अशीच परत केली होती. कथेत दोष होते, तसे गुणही होते. परंतु त्या गुणांविषयी चार ओळी लिहिण्याची सवड आम्ही काढली नाही. पुढे एका कार्यक्रमानिमित्त त्या गावी जाणे झाले, तेव्हा ते भेटले. "त्यानंतर लिहिणे सोडले," असे त्यांनी हसतच सांगितले. ते हसणे आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. नकार पचवणे हे लेखकाचे काम खरेच; पण नकार कसा द्यावा, याची जबाबदारी कोणाची?

अवहेलनेचे दुःख आजचे नाही. आठव्या शतकातील भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. 'मालतीमाधव' नाटकाच्या प्रस्तावनेतच त्याने आपल्या निंदकांना उत्तर दिले आहे. काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी मोठी आहे. आपला समानधर्मा आज ना उद्या, इथे नाही तर अन्यत्र जन्मेल, हा त्याचा विश्वास. उपेक्षित लेखकांना हे उत्तर फार आवडते. परंतु भवभूती एवढे बोलून स्वस्थ बसला नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तो लिहीत राहिला. त्याच्या नाटकांत सर्वश्रेष्ठ ठरलेले 'उत्तररामचरित' सर्वसाधारणपणे त्याची शेवटची कृती मानले जाते. काळावर हवाला ठेवण्याचा अधिकार जो काम थांबवत नाही त्यालाच असतो.

काळाचा न्याय मिळतो, पण तो लेखकाच्या हयातीतच मिळेल याची शाश्वती नसते. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती १९१७ साली. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांनी स्वतःचे पुस्तक हातात धरलेच नाही! तरीही ते लिहीत राहिले, कारण छापून येण्याची इच्छा आणि लिहिण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अपुरी राहिली म्हणून दुसरी आटत असेल, तर ती मुळात कितपत खरी होती, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासावे.

स्वतःची परीक्षा घेण्याचे एक सुंदर उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांनी घालून दिले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकर तोवर जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांनी स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती, तर परीक्षकांना ती नाकारणे जड गेले असते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये यासाठी पत्नीकडून कथा लिहून घेतली आणि ती स्पर्धेला धाडली. त्या 'कृष्णविवर' कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की नाकारले जाण्याची शक्यता त्यांनी आपण होऊन पत्करली. नावाच्या वलयाने मिळालेला होकार त्यांना नको होता. ज्याला खरा होकार हवा, त्याने खऱ्या नकाराचीही तयारी ठेवली पाहिजे.

आपल्यापैकी कितीजणांची ही तयारी असते? लेख परत आला की 'संपादकाला कळले नाही' हे पहिले समाधान आणि 'आम्ही त्यांच्या कंपूतले नाही' हे दुसरे. साहित्याच्या क्षेत्रात कंपू आहेत आणि विचार पाहून लेखन नाकारले जाते, हे आम्ही नाकारत नाही. अनुल्लेखाने मारणे म्हणजे काय, हे आपल्या विचारांच्या लेखकांना चांगले ठाऊक आहे. परंतु प्रत्येक नकाराला हेच कारण चिकटवणे घातक आहे. त्याने मन शांत होते, पण लेखन सुधारत नाही. विरोधकाने दाखवलेली चूक ही चूकच असते. ती दाखवणाऱ्याचा हेतू वाईट म्हणून ती बरोबर ठरत नाही. आणि आपल्या माणसाने केलेली स्तुती अनेकदा केवळ आपलेपणाची असते. निष्ठा ही शैलीची जागा घेऊ शकत नाही. ज्या कार्यकर्त्याला मैदानावर चुकलेले पाऊल दुरुस्त करून घेण्यात कमीपणा वाटत नाही, त्याला कागदावरच्या चुकलेल्या वाक्याबद्दल तो का वाटावा?

ही झाली लेखकाची बाजू. नकार देणाऱ्याची बाजू आपल्याच संतपरंपरेत आहे. तुकोबांच्या अभंगांना आक्षेप घेणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट. वह्या इंद्रायणीत गेल्या, तुकोबा तेरा दिवस नदीकाठी बसून राहिले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. तेच रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती त्यांनीच रचली. ती आजही वारकऱ्यांच्या मुखी आहे. ज्याने अभंग बुडवायला लावले, त्याचेच शब्द आज त्या अभंगकर्त्याला ओवाळत आहेत! आपला निर्णय चुकला हे कळल्यावर तो जाहीरपणे बदलण्याएवढे मोठे मन परीक्षकाजवळ हवे. तुकोबांचे धैर्य लेखकांनी घ्यावे. रामेश्वरभट्टांचा प्रांजळपणा संपादकांनी आणि समीक्षकांनी घ्यावा.

परत येणारे बहुतेक लेखन परत येण्याच्याच योग्यतेचे असते, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने आम्ही निःसंकोचपणे सांगू. प्रत्येक नाकारलेल्या कागदामागे केशवसुत दडलेला नसतो. पण प्रत्येक कागदामागे एक माणूस असतो, आणि मराठीत लिहू पाहणारी माणसे आपल्याला आज गमावून चालणार नाही. शहराबाहेरच्या, शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासून रात्री कथा लिहिणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही. 'हे छापता येत नाही' या वाक्यापुढे 'कारण' आणि 'तथापि' हे दोन शब्द जोडायला फार तर दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आम्ही त्या वेळी दिली नाहीत.

त्या शिक्षकांना आम्ही अलीकडेच पत्र लिहिले. कथेतील काय आवडले, काय खटकले ते सविस्तर कळवले आणि ती पुन्हा लिहून पाठवण्याची विनंती केली. उत्तर अद्याप आलेले नाही. नाकारणे आम्ही आजवर पुष्कळ केले. वाट पाहणे काय असते, ते आता शिकत आहोत.