वीस हात

अ‍ॅनाहाइमचं एंजल स्टेडियम आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे, आणि लेक चालायला लागला तेव्हापासून आम्ही एंजल्स या बेसबॉल संघाचे. त्यामुळे २०२१च्या जुलैत या संघाने जे केलं, ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पुरलं. ड्राफ्टच्या वीस फेऱ्या, संघाच्या वाट्याला वीस निवडी, आणि वीसच्या वीस पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. एकही कॅचर नाही, शॉर्टस्टॉप नाही, आउटफिल्डर नाही.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना ड्राफ्ट चमत्कारिक वाटतो. इथे बोली नसते. संघ पाळीपाळीने शाळा-कॉलेजातल्या मुलांची नावं पुकारतात. ज्याने नाव पुकारलं त्याच्याशीच मुलाने पैशांचं बोलायचं. जमलं नाही तर शिकत राहायचं आणि पुन्हा कधीतरी नाव पुकारलं जाण्याची वाट पाहायची.

एंजल्सची निकड मला कळत होती. माइक ट्राउट आणि शोहेई ओतानी हे दोन तारे एकाच संघात असूनही २०१४नंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कारण चेंडू टाकायला पुरेशी माणसंच नव्हती. म्हणून त्यांनी हात गोळा केले. एक सोडून सगळे कॉलेजातले, म्हणजे लवकर तयार होतील असे. त्यातला अकराव्या फेरीतला चेस सिलसेथ दहा महिन्यांत, १३ मे २०२२ला, ओकलंडमध्ये थेट मेजर लीगच्या मैदानावर उतरला. सहा इनिंगमध्ये एक हिट, एकही रन नाही. त्या वर्षीच्या साऱ्या ड्राफ्टमधून वर पोहोचलेला तो पहिला. त्या रात्री आम्ही टीव्हीसमोरून हललो नाही. पहिल्या फेरीतला सॅम बॅकमन मात्र, ज्याचा चेंडू ताशी १०० मैल ओलांडायचा, २०२३मध्ये वर आला आणि काही आठवड्यांतच खांदा धरून बाहेर गेला.

त्याच ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंडच्या संघानेही एकवीसपैकी एकोणीस निवडी पिचरवर खर्च केल्या होत्या. पाचव्या फेरीत त्यांनी टॅनर बायबी घेतला. हा मुलगा कॅल स्टेट फुलर्टनचा, एंजल स्टेडियमपासून पाच-सहा मैलांवरचा. त्याचा वेग तेव्हा डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. चेंडू हवा तिथे पडायचा, एवढंच. क्लीव्हलंडने त्याच्या शरीरावर आणि चेंडू सोडण्याच्या पद्धतीवर काम केलं, वेग वाढला, आणि २०२३मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदितांत तो दुसरा आला. दोन्ही संघांनी एकाच वेळी टोपलीभर हात उचलले होते. मला फरक दिसतो तो उचलल्यानंतरच्या दोन वर्षांत: कोण बसून शिकवतं आणि कोणाला घाई आहे. एंजल्सला घाई होती. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण हा माझा संघ आहे.

पिचरवर एवढा जोर देण्यामागचा हिशेब निर्दय आहे, आणि तो सगळेच संघ करतात. चेंडू फेकणारा हात टिकत नाही, म्हणून जास्त घ्या. काही मोडतील, काही उरतील. कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटा अस्थिबंध असतो. प्रत्येक जोरकस चेंडूला तो ताणला जातो आणि एक दिवस फाटतो. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून या जागी बसवला. जॉन परतला आणि पुढे आणखी १६४ सामने जिंकला. तेव्हापासून या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव. ओतानीच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे, २०१८ आणि २०२३मध्ये. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४मध्ये ९४.२. अस्थिबंध मात्र होता तेवढाच राहिला.

संघासाठी वीस म्हणजे वीस. त्या वीसजणांतल्या प्रत्येकाकडे मात्र एकच उजवा किंवा एकच डावा हात आहे. हे मला ड्राफ्ट पाहून नाही, घरात कळलं.

लेक तेरा वर्षांचा असताना एका फिरत्या संघात खेळायचा. दक्षिण कॅलिफोर्नियात हिवाळा असा नसतोच, त्यामुळे मुलं बारा महिने चेंडू फेकतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी कधीच दाखवून दिलंय की वर्षात आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्या किशोरांना शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा धोका पाचपट असतो. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी मैदानाच्या जाळीमागे उभी राहून वेग मोजणाऱ्या रडारगनचा आकडा फोनवर टिपत होते आणि रात्री त्याला दाखवत होते. ६८, ६९, एकदा ७१. तो आकडा पाहून त्याचा चेहरा उजळायचा, म्हणून मीही खूश.

एका सकाळी त्याला दात घासता येईनात. कोपर सरळ होत नव्हतं. त्याने दीड महिना कोणाला काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून कोपरातली वाढीची जागा दाखवली, तिथलं हाड ओढलं गेलं होतं. चार महिने काही फेकायचं नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, आता ७१ परत येईल ना?" मला बोलता आलं नाही. त्याचा हात मी माझ्या मांडीवर घेतला आणि पार्किंगमध्येच बराच वेळ बसून राहिले.

आता तो सतरा वर्षांचा आहे आणि पहिल्या बेसवर खेळतो. पिचिंग त्याने स्वतःच सोडलं.

गेल्या वसंतात आम्ही दोघं फुलर्टनच्या गुडविन फील्डवर एक सामना पाहायला गेलो. होमप्लेटमागे संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट बसले होते, हातात गन आणि मांडीवर वही. पाहुण्यांच्या पिचरने फेकलं की सगळ्या गन एकदम वर जायच्या. तो गेला आणि यजमानांचा एक सडपातळ डावखुरा आला. पहिले तीन चेंडू ८७, ८८, ८७. चौथ्याला गन वर गेल्याच नाहीत. कोणी फोन काढला, कोणी कॉफी आणायला उठला.

लेक माझ्या दंडाला धरून म्हणाला, "आई, याचा चौथा चेंडू बघितलास? बॅटरच्या गुडघ्याशी आला आणि वळला." मी बघितला नव्हता. पुढच्या तीन इनिंग आम्ही त्या मुलावरून नजर हलवली नाही.