सुवार्तेला रंग नाही, मग खुर्चीला का असावा?

मिशनऱ्यांमध्ये निरनिराळ्या वंशांची माणसे वाढावीत, असे म्हटले की मंडळीतलीच भली माणसे विचारतात, ‘‘सुवार्तेला रंग नसतो, मग सांगणाऱ्याचा वर्ण कशाला मोजायचा?’’ प्रश्न प्रामाणिक आहे. पण ही मोजणी आम्ही सुरू केलेली नाही.

सॅम्युअल क्राउथर यांचे पाहा. योरुबा मुलखातला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, १८२२ मध्ये सुटला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. नायजर नदीकाठचे काम त्यांनी आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बळावर उभे केले. १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी या ऐंशीच्या घरातल्या माणसादेखत त्यांच्या सहकाऱ्यांना नालायक ठरवून दूर केले. पुढच्या वर्षअखेरीस क्राउथर वारले. त्यांच्या जागी गोरा बिशप आला. काही सहकारी चुकले असतील. पण गोऱ्या मिशनऱ्याची चूक त्या एकट्याची आणि काळ्याची चूक साऱ्या वंशाची, हा कुठला न्याय?

‘‘ही माणसे अजून तयार नाहीत,’’ हा दुसरा आक्षेप. आधुनिक मिशनकार्याचे जनक म्हटले जाणारे विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले, त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी जॉर्ज लाइल हा गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णी उपदेशक जमैकात पोचला होता. तयारी होती. विश्वास नव्हता.

त्या अविश्वासाचे घरगुती रूप १९१० मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरया यांनी उघड केले. वर्षानुवर्षे बरोबर काम करूनही गोरा मिशनरी भारतीय सहकाऱ्याला आपल्या टेबलाशी जेवायला बसवत नाही, हे त्यांनी भर सभेत सांगितले आणि मैत्री मागितली. ज्याला पंगतीत जागा नाही, त्याला समितीत कोण बसवणार?

आणि सांगणारा बदलला की सांगणेही खुलते. आपल्या नारायण वामन टिळकांनी अहमदनगरात ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. विलायती चालीवर बेतलेली गीतांची भाषांतरे होतीच. पण उपासनेत पेटी-टाळांवर टिळकांचे गीत सुरू झाले की म्हातारी माणसे पुस्तक मिटून गातात. ही चाल बाहेरून पाठवता आली नसती. तरीही १९१७ मध्ये टिळकांना मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा वेगळा मांडावासा वाटला, याचा विचार नोकरी देणाऱ्यांनी करायचा होता.

उरला पैसा. गरीब मंडळ्यांनी मिशनरी कसे पोसायचे? मिझोराममध्ये ख्रिस्ती घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते, तेव्हा आधी एक मूठ बाजूला काढते. ते तांदूळ चर्चमध्ये जमतात, विकले जातात आणि त्या पैशातून मिझो मिशनरी भारतभर जातात. शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे. त्या बाईने पाठवलेल्या माणसाला आपल्या मंडळीत व्यासपीठ मिळावे, निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मिळावी आणि बैठक संपल्यावर आपल्या घरी जेवायचे बोलावणेही मिळावे.