वीटभट्टीची वही तपासा

मा. जिल्हाधिकारी, रायगड आणि मा. उपविभागीय अधिकारी, कर्जत यांस,



दिवाळी सरली, भात घरात आलं, की मोहोपाड्याच्या (ता. खालापूर) आसपासच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल वीटभट्टीवर फेडायची असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, खरा हिशेब हंगाम संपताना होतो. हजार विटांच्या दरातून उचल आणि खर्ची वजा झाली की पुष्कळदा अंगावर बाकीच उरते, आणि त्या बाकीपायी पुढच्या वर्षीही तीच भट्टी. वही शेठकडे असते.

उचलीने बांधलेल्या मजुरांचा हा प्रश्न न्यायालयात जुनाच आहे. 25 फेब्रुवारी 1982 रोजी बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दल न्या. भगवती यांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं, वकिलांना खाणींवर पाठवून चौकशी केली. गरिबाने पुरावा घेऊन दिल्लीला यावं, ही अपेक्षाच सोडली. डिसेंबर 1983 च्या निकालात सांगितलं: मजूर वेठीने राबताना दिसला, तर तो उचलीपोटीच राबतो असं धरून चालायचं, तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. आदल्याच वर्षी, आशियाई खेळांच्या बांधकामांवरल्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं ही कलम 23 नुसार वेठच, असं याच न्यायालयाने ठरवलं होतं.

एवढं असूनही कातकऱ्याला विचारतात, 'उचलीचा कागद आहे का?'

न्यायालयाने आता आणखी काय सांगायचं? 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने जिल्ह्याची आणि उपविभागाची दक्षता समिती तुमच्याच अध्यक्षतेखाली दिली आहे. विटांच्या मातीची रॉयल्टी महसूल खातं घेतं, म्हणजे परवान्याच्या भट्ट्या तुमच्या दप्तरात आहेत. माती मोजणाऱ्या माणसाला मजुरांची वही बघायला वेगळी गाडी लागत नाही.

सगळे भट्टीवाले जुलमी नाहीत. आषाढात घरात दाणा नसताना तीच उचल चूल पेटती ठेवते; बँक कातकऱ्याला दारात उभं करत नाही. म्हणून नुसते छापे घालून भागणार नाही. पावसाळ्याआधी वाडीत रोजगार हमीचं काम काढा आणि मजुरी वेळेवर द्या.

येत्या दिवाळीआधी वाडीवार स्थलांतराची नोंद घ्या. हंगामात समितीसह भट्ट्यांवर जा, किमान वेतनाने हिशेब मांडा. वेठीतून सुटलेल्याला मुक्ती प्रमाणपत्र लगेच द्या, पुनर्वसनाची मदत त्यावाचून अडते. आणि समितीच्या बैठका कधी झाल्या, कोणती भट्टी तपासली, हे खालापूर तहसीलच्या फलकावर लावा.

आपला,
मोहोपाड्याचा एक रहिवासी